गव्हाशिवाय गोव्याचं ताट: तवशापासून फणसापर्यंत

फोंडा तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: ‘माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक असल्याचं नुकतंच निदान झालं, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लूटेनने आतडं दुखावतं. गहू, रवा, मैदा, पाव सगळं बंद. तयार ग्लूटेन-फ्री पीठ महाग पडतं आणि त्याची चपाती तव्यावर टाकेपर्यंत तुटते. घरातले बाकीचे पोळी-पाव खातातच. बाजारात ज्या दिवसांत जी भाजी येते तिच्यावरच आमचा स्वयंपाक चालतो. त्यात चतुर्थी तोंडावर आली आहे. तिला आपलं ताट वेगळं आहे असं न वाटता रोजचं जेवण कसं बसवू?’

ताई, ते तयार पीठ आधी आणायचं बंद करा. चपातीची नक्कल करण्याचा तो खटाटोप आहे. नक्कल साधत नाही, पैसे जातात आणि पोरीला वाटत राहतं की आपल्या वाट्याला काहीतरी दुय्यम आलंय. आपल्याकडे दुपारचं जेवण आजही भाताचंच असतं. तोणाक घ्या, सांसव घ्या, खतखतं घ्या, साधी आमटी घ्या. दाटपणा येतो तो वाटलेल्या खोबऱ्याने, पिठाचा तिथे संबंधच नाही. म्हणजे अडचण उरते ती सकाळच्या न्याहारीची, शाळेच्या डब्याची आणि रात्रीच्या पोळीची. अर्ध्याहून जास्त ताट आपल्या आज्यांनी आधीच सोडवून ठेवलंय.

उरलेल्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्या. कणकेला ताण देतं ते ग्लूटेन. ते नसलं की पीठ धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं. आपल्याकडे तीन गोष्टी आहेत: उकडीत फुललेला तांदळाचा स्टार्च, ओलं खोबरं आणि भाजीचा स्वतःचा गर. भाजीत पाणी जास्त की पिठूळपणा जास्त, यावर तिला कुठल्या पिठाची जोड द्यायची ते ठरतं. पावसाळी भाज्या पाणी सोडतात, तेव्हा पोळे आणि वाफवलेले पदार्थ करायचे. थंडीत पाला येतो, तेव्हा नाचण्याची भाकरी. उन्हाळ्यात फणस आणि त्याच्या बिया हाताशी असतात, तेव्हा थापायचे-भाजायचे प्रकार. पीठ भाजीला विचारून घ्यायचं, एवढं कळलं की पाककृती पाठ करत बसावं लागत नाही.

पण भाजीकडे वळण्याआधी गहू घरात कुठून शिरतो ते बघू. पोळी-पाव सगळ्यांनाच दिसतात. फसगत होते ती हिंगात. आपण वापरतो तो बांधाणी हिंग. मूळ हिंग फार उग्र असतो म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. रोजच्या डाळीत चिमूटभर पडतो, म्हणजे रोज चिमूटभर गहू पोटात जातो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. नाहीतर हिंग सोडून द्या. खोबरेल तेलात ठेचलेल्या लसणीची फोडणी दिलीत तर चुकल्यासारखं वाटत नाही.

दुसरी गिरण. तुमचे तांदूळ तिथे शुद्धच जातात, पण जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू असतात. ‘आधी दोन किलो तांदूळ फिरवून घेतो’ असं गिरणवाला मनापासून सांगेल, तरी सिलिअ‍ॅकवाल्याला तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे ग्लूटेन-फ्री म्हणवून घ्यायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. त्यावरून अंदाज घ्या की किती थोडंसं पुष्कळ ठरतं. बेसन, नाचण्याचं पीठ, कुळथाचं पीठ सुटं विकत घेता तेव्हाही हीच गत. मुलीसाठी अख्खं धान्य आणा, निवडा, धुवा, वाळवा आणि घरच्या मिक्सरवर दळा. मसूर, मूग, धणे निवडताना अधूनमधून गव्हाचा दाणा सापडतोच, म्हणून निवडणं टाळू नका.

तिसरा रवा. आपण मासळीला, सुरणाच्या फोडींना, वांग्याच्या कापांना रवा लावून तळतो आणि त्याच तेलात मग पापड तळून मुलीच्या पानात वाढतो. ते तेलच बाद धरा. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळण, पाव भाजायची जाळी आणि पोळीचा तवा या चार वस्तू कितीही घासल्या तरी भरवशाच्या नाहीत. तिच्यासाठी वेगळ्या घ्या आणि लांबूनही ओळखू येईल अशी खूण करा. जेवणाची भांडी, कढई, कुकर नीट घासलं की चालतात. सगळं घर नव्याने मांडायची गरज नाही. लोण्याच्या डब्यात पावाचा चुरा पडतो, तेव्हा लोणी मात्र तिचं वेगळं.

खपली गहू, दलिया, शेवया, सातूचं पीठ, जव हे सगळं बंदच. ‘खपली जुना आहे, तो बाधत नाही’ असं सांगणारे भेटतील. तोही गहूच. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट लिहिलेलं असेल तर तो बहुधा जवाचा असतो. ओट्स सध्या नकोच. आणि भावंडांची, तुमची दोघांची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या, हा आजार एकाच घरात अनेकांना असू शकतो. मात्र तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर चाचणी खोटं सांगते. पहिले काही आठवडे मुलीचं आतडं दुखावलेलं असतं, कधीकधी दूधही सोसत नाही. तेव्हा पेज, मऊ शिजलेली मुगाची डाळ, भोपळा, नारळाचं दूध यावर ठेवा. रानभाज्या आणि फणस थोडे मागाहून.

आता स्वयंपाक. भाकरी, पातोळ्या, मोदक यांना सुरय (न उकडलेले) तांदूळ लागतात. उकड्या तांदळाच्या पिठाची उकड नीट बसत नाही. उकडे ठेवा पेजेला. खाजनातला कोरगुट मिळाला तर पेजेला त्याच्या तोडीचा तांदूळ नाही. खाऱ्या जमिनीत टिकणारं हे आपलं जुनं भात आहे. पीठ करायला सुरय धुवून तासभर भिजत ठेवायचे, निथळून स्वच्छ कपड्यावर सावलीत पसरायचे आणि हाताला किंचित दमट लागत असतानाच मिक्सरवर फिरवून बारीक चाळणीने चाळायचं. या दिवसांत सावलीत काही वाळत नाही. मग कढईत मंद आचेवर, रंग न बदलू देता, हाताला कोरडं लागेपर्यंत परता. चाळून वर उरलेली कणी टाकू नका, ती पुढे रव्याच्या जागी लागणार आहे.

सध्या बाजारात तवशी आहेत, ती लांबोडकी, जाड सालीची काकडी. त्यांचे पोळे म्हणजे मुलीच्या न्याहारीचा प्रश्न दोन महिने तरी मिटला. दोन वाट्या सुरय तांदूळ आणि अर्धा चमचा मेथी तीन-चार तास भिजवा. तवशाच्या बिया काढून कीस करा, दीड वाटीभर, आणि पिळू नका. मिक्सरमध्ये तांदूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि तवशाचा कीस घालून वाटायचं, पाण्याचा थेंब न घालता. सुरुवातीला पातं अडकेल, थोडं थांबून पुन्हा फिरवा, तवसं पाणी सोडतं आणि पीठ आपोआप सैल होतं. इथे घाई करून वरून पाणी ओतलंत तर पोळा तव्याला चिकटणार हे नक्की. मीठ आणि हवा तर गुळाचा खडा. तवा चांगला तापवून आच कमी करायची, केळीच्या देठाने तेल फिरवायचं, डावभर पीठ मधोमध घालून जाडसरच पसरायचं आणि झाकण ठेवायचं. कडा सुटल्या आणि वर बारीक जाळी दिसली की उलटायचं. खोबऱ्यातलं तेल आणि तवशाचा ओलावा यामुळे हे पोळे गार झाल्यावरही वातड होत नाहीत, आणि डब्याला हाच गुण लागतो. याच मापात तांबड्या भोपळ्याचा कीस चालतो, कोंकणदुधी चालते. घोसाळं मात्र वाटून नको, बुळबुळीत होतं. त्याच्या चकत्या करून बेसन-तांदळाच्या पिठात बुडवून भजी करा.

त्याच तवशाची तवसळी करा. ही मुळात तांदळाच्या कण्यांचीच. गव्हाचा रवा नंतर सोयीपोटी आला. दोन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, दीड वाटी तांदळाचा भाजलेला रवा, वाटीभर चिरलेला गूळ, अर्धी वाटी खोबरं, वेलची, मीठ. अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे रवा ते पाणी पितो. मिश्रण डावातून जड पडलं पाहिजे, वाहता कामा नये. हळदीच्या पानाचं अस्तर लावलेल्या भांड्यात अर्धा तास वाफवा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना ती कच्ची वाटते आणि बायका विनाकारण पुन्हा वाफेला लावतात.

रव्याच्या फोडींना पर्याय म्हणजे ती चाळणीवरची कणी. मिक्सरवर पुन्हा एकदा फिरवून बारीक रव्याइतकी करा, कारण जाड राहिली तर दाताखाली खड्यासारखी लागते. तीन भाग कणी, एक भाग तांदळाचं पीठ. नीरफणसाच्या किंवा सुरणाच्या पातळ फोडींना मीठ, हळद, तिखट आणि आमसुलाचं आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग या मिश्रणात दाबून घोळवा आणि मध्यम आचेवर थोड्या तेलात भाजा. तिखट खोल्याच्या मिरचीचं असेल तर रंगच वेगळा येतो. लगेच वाढा, गार झाल्या की कडक होतात. मासळीलाही हेच लावा आणि सगळ्यांनाच तसं वाढा, म्हणजे तेल एकच राहील आणि मुलीच्या कढईचा वाद संपेल.

रानभाज्यांत गहू नाहीच, त्यामुळे तिथे सांगण्यासारखं कमी. तायकिळो (टाकळा) कोवळा असेपर्यंत बिकणां (फणसाच्या बिया) आणि खोबरं घालून करा. फागलांच्या (कर्टोल्यांच्या) चकत्या वर सांगितल्याप्रमाणे तांदळाच्या कणीत घोळवून फार छान होतात. अळूला आणि तेऱ्याला आंबट हवंच, आंबाडे नाहीतर सोलां (आमसुलं), नाहीतर घसा खाजतो. बांबूचे किल्ल चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं आणि उकळून तेही पाणी टाकायचं. यात आळस नको. लूत, कुडुक वगैरे घरात जाणतं माणूस असेल तरच. मुलीचं पोट सावरेपर्यंत मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

चतुर्थीची धास्ती घेऊ नका. उलट वर्षातले हे सर्वांत सोपे दिवस. पातोळ्या तांदळाच्या, उकडीचे मोदक तांदळाचे, मणगण्यात चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस, पंचखाजात चण्याची डाळ किंवा तीळ. अडचण एकच, नेवऱ्या (करंज्या). त्यांचा मैदा चाळताना-लाटताना हवेत उडतो आणि ओट्यावर, भांड्यांवर, निवत ठेवलेल्या मोदकांवर बसतो. घरात नेवऱ्या व्हायच्याच असतील तर त्या दोन दिवस आधी करून डब्यात बंद करा, ओटा ओल्या फडक्याने दोनदा पुसा आणि मग बाकीच्याला हात लावा. मला विचाराल तर या वर्षी उकडीच्याच नेवऱ्या करा, तेच सारण, तीच मुरड, फक्त वाफवलेल्या. वाटीभर पाण्याला चमचाभर तेल आणि मीठ, उकळी आली की वाटीभर पीठ, ढवळून झाकण, आच बंद करून पाच-सात मिनिटं. गरम असतानाच ओल्या हाताने मळायची. मुरड घालताना कड चिरत असेल तर पाण्याचा हबका देऊन आणखी मळा. पीठ कमी मळल्यामुळेच ती चिरते.

आणि खतखतं. हा पदार्थ तर तुमच्या मुलीसाठीच केल्यासारखा आहे, कारण त्याला फोडणीच नसते, मग हिंगाचा प्रश्नच येत नाही. माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या फळं-भाज्यांच्या मांडवीला) बांधलेलं जे खाण्यासारखं असेल ते दुसऱ्या दिवशी यात जातं (कवंडळं, कांगणी वगैरे शोभेची, ती नव्हे). तुरीची डाळ आधी मऊ शिजवा. भाज्या मात्र एकदम ओतू नका. सुरण, माडी, कणगां (हे सगळे कंद), कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे आधी. ते अर्धवट शिजले की मुळा, शेंगा, भेंडी. भोपळा अगदी शेवटी, नाहीतर विरघळून सगळ्याचा रंग एक होतो. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि हळद गंधासारखं वाटून घाला. तिरफळं बी काढून, थोड्या पाण्यात चेचून त्या पाण्यासकट घाला. ती मसाल्याबरोबर वाटायची नसतात, कडू होतात. सोलां आणि गूळ शेवटच्या उकळीला, आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल. सुरण आणि माडीच्या पिठूळपणामुळे रस्सा आपसूक दाट होतो. भाताबरोबर सगळेच खातील, आणि रात्री उरलेल्या खतखत्याबरोबर तिला तांदळाची भाकरी द्या. उरलेलं खतखतं ताज्यापेक्षा चांगलं लागतं हे काही मी नव्याने सांगायला नको. आंबाड्यांचं सांसव याच दिवसांतलं, तेही फोडणीशिवाय होतं.

दिवाळीत तर नरकचतुर्दशीला आपल्याकडे पोह्यांचेच पाच प्रकार. तिथे फक्त बटाट्याच्या पोह्यांच्या फोडणीतला हिंग आणि वाढायला ठेवलेली विकतची शेव बघा.

पाऊस संपून वायंगणाची (हिवाळी पिकाची) भाजी येऊ लागली की पीठ बदला. तांबडी भाजी (लाल माठ), मुळ्याचा पाला यांत पाणी असतं, पण ते मिठाने बाहेर येतं, वाटून नाही. दोन वाट्या बारीक चिरलेल्या तांबड्या भाजीला मीठ, ओली मिरची आणि कांदा चोळून दहा मिनिटं ठेवा. तोवर वाटीभर नाचण्याचं आणि वाटीभर तांदळाचं पीठ एकत्र करा. नुसत्या नाचण्याची भाकरी नवख्या हाताला थापत नाही, नुसत्या तांदळाची डब्यात कडक होते. दोन्ही मिळून जमतं. पाला पिठात कालवा आणि मग उकळतं पाणी थोडंथोडं, अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून. पाल्याने किती पाणी दिलंय ते हातालाच कळतं, म्हणून माप सांगत नाही. केळीच्या पानावर थापा, पानासकट तव्यावर उलटी टाका आणि मिनिटभराने पान सोलून काढा. थापताना तुटण्याची भीतीच उरत नाही. नाचण्यात 100 ग्रॅममागे साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि सिलिअ‍ॅकच्या मुलांची हाडं आणि रक्त दोन्ही पुष्कळदा मागे पडलेली असतात. तांबड्या भाजीतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबाची फोड पिळा. चहा जेवणाबरोबर नको.

थंडीतली ताळगावची आणि आगशीची वांगी भाजून नारळाच्या रसात भरीत करा. आळसांद्यांचं (चवळीच्या जातीचं कडधान्य) तोणाक म्हटलं की पावाची आठवण येणारच, विशेषतः बाकीचे पाव बुडवत असताना. तिथे तिला भाकरी देऊन भागत नाही, कारण रस्सा टिपायला काहीतरी जाळीदार हवं. सान्नां करा. उकडे आणि सुरय तांदूळ वाटून, खोबरं घालून, सूर (माडाची ताडी) मिळाली तर सुरेत नाहीतर नारळपाणी आणि चिमूटभर यीस्टने आंबवलेली. त्या दिवशी घरात सगळ्यांनीच सान्नां खाल्ली तर पोदेराला (पाववाल्याला) एक दिवस सुट्टी देऊन काही बिघडत नाही.

उन्हाळ्यात भाज्या कमी आणि पिठूळपणा जास्त. कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, मशिंगाच्या सांगांची (शेवग्याच्या शेंगांची) आमटी हे नेहमीप्रमाणेच. नवीन सांगायचं ते बिकणांचं. उकडून, वरचं पांढरं साल काढून, गरम असतानाच लगदा करा. वाटीभर लगद्याला पाऊण वाटी तांदळाचं पीठ, जिरं, मिरची, कोथिंबीर. उकड काढायची गरज नाही, लगदाच पीठ धरून ठेवतो. थालीपिठासारखं थापून तेल सोडून भाजा. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) दिवसांत बिकणं, सोलां, मिरच्या घेताच, त्या सोबत वर्षाचे तांदूळ, आळसांदे, कुळीथही अख्खे आणि एकरकमी भरा. बरका फणस पिकला की सांदणां आहेतच: रस आणि तांदळाचा रवा सम प्रमाणात, चवीला गूळ, वीस मिनिटं वाफ. रसाला गोडी असेल तर गूळ अर्धाच पुरतो.

डब्याबद्दल. तांदळाचा पदार्थ गार झाला की आवळतो. त्यावर उपाय दोन: त्यात खोबरं किंवा भोपळ्या-रताळ्याचा गर असू द्या, आणि डब्यात भरण्याआधी सुती फडक्यात गुंडाळून कोमट होऊ द्या. तवशाचा किंवा भोपळ्याचा पोळा आणि आत सुकी भाजी घालून गुंडाळी हा सर्वांत भरवशाचा डबा. मधूनमधून आप्पे, मुगागाठी आणि भात. वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या, की वाढदिवसाचा केक, बिस्कीट, चॉकलेट काहीच द्यायचं नाही, आणि मुलीच्या दप्तरात शेंगदाण्याची चिक्की किंवा घरचं दोदोल ठेवा म्हणजे तिने नुसतं बघत बसायला नको.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही. त्यांना पथ्य म्हणून सांगितलंत तर ‘एखाद्या दिवसाने काय होतंय’ हे ऐकावं लागेल, आणि या आजारात एखादा दिवसही चालत नाही. त्यापेक्षा त्यांच्या हातचं मागा. पोळे, पातोळ्या, तांदळाच्या शिरवळ्या, नाचण्याचं तिझान त्यांनी लहानपणी रोज खाल्लंय आणि ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. खरी पंचाईत सत्यनारायणाच्या शिऱ्याची. लोक प्रसाद आहे म्हणून हातावर ठेवतातच आणि पोरीला नाही म्हणता येत नाही. आपल्या घरची पूजा असेल तर शिरा तांदळाच्या रव्याचा करा. भटजींना आधी सांगा, बहुतेक जण हरकत घेत नाहीत. दुसऱ्यांकडे जाताना तिला सांगून ठेवा की प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि तुमच्याकडे द्यायचा. फळ, पंचामृत चालतं, पण केळ्याचे काप शिऱ्याच्या ताटात ठेवलेले असतील तर तेही नकोत. हात लगेच धुवा. आणि कुठल्याही जेवणावळीला निघण्यापूर्वी तिला घरी पोटभर पेज-पोळे खाऊ घाला. तिथे भात मिळाला तर ठीक, वरणातल्या हिंगाची चौकशी स्वयंपाक्याला थेट जाऊन करायची, यजमानाला नाही. त्याला ठाऊक नसतं आणि तो भिडेने ‘काही नाही हो त्यात’ असं सांगून मोकळा होतो.